बॉनेटतात्या

कोल्हापुरात गाडीचं बॉनेट उघडताना तुम्ही एकटे असाल, बंद करताना नसता. फुलेवाडी नाका असो नाहीतर दसरा चौक, जुन्या मारुती 800 च्या तोंडातून वाफ निघाली की पानपट्टीपासचा एक माणूस सावकाश रस्ता ओलांडू लागतो. हे बॉनेटतात्या. पांढरी टोपी, खिशाला टेस्टर, आणि उभी हयात उद्यमनगरात गेलेली. ज्या गावानं ऑइल इंजिनं घडवली, जिथल्या फौंड्रीत आजही गाड्यांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, तिथं इंजिनाबद्दल मत नसणं म्हणजे तांबड्या रश्श्याबद्दल मत नसण्यासारखंच.

तात्या गाडीला हात लावत नाहीत. हात पाठीमागं बांधून वाकतात आणि वास घेतात. "गोडूस येतोय. कूलंट उतू गेलंय." तेवढ्यात मालक पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडं सरकतो आणि तात्यांचा आवाज चढतो, "ओ सायेब! तोंड भाजून घ्यायचंय काय?"

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथं उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांनाच उकळतं. रेडिएटरच्या घट्ट टोपणाखाली मात्र दाबामुळं ते 120 च्या आसपास जाईपर्यंत गप्प राहतं. टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. तात्यांना हे आकडे ठाऊक नाहीत. ते नुसती बाही वर करून मनगटावरचा चट्टा दाखवतात. "हा फियाटचा."

मग सक्तीचा अर्धा तास. तेवढ्यात विरोधी पक्षही जमतो. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकलवरचा एक पोरगा न उतरताच निकाल देतो, "हेड गेलं! वीस हजार!" मालकाचा चेहरा पडतो. तात्या त्या पोराकडं बघतसुद्धा नाहीत. "डिपस्टिक काढा." ऑइल काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही, म्हणजे पाणी निदान त्यात तरी उतरलेलं नाही. पोरगा किक मारतो.

आता खरा प्रश्न येतो. इतका वेळ तो राखून ठेवण्यात तात्यांची सगळी कला आहे.

"घाटात तापती का गर्दीत?"

"गर्दीतच. गगनबावड्याचा घाट चढलो तेव्हा काही नाही झालं. आज उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो..."

"मग पंखा."

गाडी पळत असली की वारा रेडिएटर थंड करतो. रांगायला लागली की सगळी भिस्त विजेच्या पंख्यावर. घाटातही तापली असती, तर तात्या चोंदलेल्या रेडिएटरकडं किंवा वॉटर पंपाकडं वळले असते. इथं सेन्सरची वायर ‘डायरेक्ट’ केली जाते. तीही मालकाच्या हातून, तात्यांच्या हुकमावर. पंखा भर्रकन फिरतो. "मोटर चांगली हाय. सेन्सर गेलाय. नवा बसवा."

इथंच थांबले असते तर तात्या ऋषी ठरले असते. पण जाता जाता ते थर्मोस्टॅटवर घसरतात. "त्यो काढून फेकून द्या. आपल्याकडं थंडी कुठाय?" हे साफ चूक आहे. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन वेळेत तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. पण जमलेल्या माणसांसमोर तात्यांना हे सांगायची छाती कुणाची नाही. माझी तर नाहीच. मान डोलवायची आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवायचा.

नव्या गाडीपाशी मात्र तात्या फिरकत नाहीत. बॉनेट उघडलं की इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण. "ह्यात काय बगायचं?" म्हणत परत पानपट्टीकडं.

तात्या पैसे घेत नाहीत. देऊ केले तर चिडतात. त्यांची फी एकच. सेन्सर बदलल्यावर पुन्हा त्या नाक्यावरून जाल तेव्हा काच खाली करून, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "तात्या, सेन्सरच होता!" तेवढी मात्र बुडवू नका.