श्री. गैरसमज यांस, स. न. वि. वि.

प्रति,
श्री. गैरसमज,
प्रमुख भूमिका, सर्व मराठी वाहिन्या,
संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. नायिका बदलतात, नायक मध्येच मालिका सोडून जातात, एखाद्या सोमवारी आजोबांच्या खुर्चीत दुसरेच आजोबा येऊन बसतात आणि घरातलं कुणी दचकतसुद्धा नाही. तुम्ही मात्र जागचे हलत नाही. एकाच संध्याकाळी प्रत्येक वाहिनीवर मुख्य काम करणारा आणि तारखांचा घोळ कधीच न घालणारा दुसरा कलावंत मराठी दूरचित्रवाणीला मिळालेला नाही. वाहिन्यांच्या पुरस्कार सोहळ्यांत सासूला बक्षीस मिळतं, सुनेला मिळतं, जोडीला मिळतं. तुमच्या हाती अजून एकही बाहुली कुणी ठेवलेली नाही, हा अन्यायच.

तुमची कामाची रीत आता आम्हाला पाठ झाली आहे. दार अर्धवट उघडं. आत दोघांचं बोलणं चाललंय. नायिका दुधाचा पेला घेऊन उंबऱ्यापाशी येते आणि नेमकं अर्धं वाक्य ऐकते : ‘तिच्याशी लग्न करणं ही माझी सगळ्यात मोठी चूक...’ एवढ्यावर ती डोळे पुसत माघारी फिरते. तिच्या पाठीमागे उरलेलं वाक्य बाहेर पडतं : ‘...असं लोक म्हणत होते, पण मला ती कधीच वाटली नाही.’ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो, मग दिराच्या, मग ज्या मोलकरणीचा कशाशीच संबंध नाही तिच्याही. मे महिना असला तरी बाहेर वीज कडाडते. पुढचे चाळीस भाग ती बोलत नाही, तो विचारत नाही. घरात माणसं बारा, प्रत्येकाच्या हातात महागडा फोन, पण एकमेकांना लावायचा झाला की तो बंद असतो.

शिकल्यासवरलेल्यांनाही तुम्ही सोडत नाही. ‘रंग माझा वेगळा’मधला कार्तिक पेशाने डॉक्टर. त्याने बायकोवर संशय घेतला, पोटच्या मुली परक्या ठरवल्या. वैद्यकशास्त्र कोळून प्यायलेल्या या माणसाला सरळ एक डीएनए चाचणी करून घ्यावी हे सुचायला मालिकेला काही वर्षांची उडी मारावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’मधला अर्जुन वकील. कोर्टात समोरच्याची भंबेरी उडवणार, आणि घरी जिच्याशी करारावर लग्न केलं ती सायली म्हणजेच लहानपणी हरवलेली तन्वी, याचा कितीतरी भाग पत्ता नव्हता. तन्वी म्हणून दुसरीच मिरवत होती, आणि उलटतपासणीत पटाईत माणूस तिला दोन प्रश्न विचारत नव्हता. अशा वकिलाकडे आमच्याकडचा कुणी सोसायटीच्या थकबाकीची नोटीससुद्धा घेऊन जाणार नाही. करारावरचं लग्न हेही काही नवं नाही म्हणा. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये घना आणि राधाने तोच उद्योग केला होता. सतीश राजवाडे यांनी ते सगळं २०१२ सालच्या २०१२ सालात उरकलं, आणि अजून लोक त्या मालिकेची आठवण काढतात.

तुमचं घराणं वाईट नाही, हे मला मान्य आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी तुम्हाला मराठी रंगभूमीवर दोनदा मानाने उभं केलं. १८९० च्या ‘झुंझारराव’मध्ये, म्हणजे ऑथेल्लोच्या मराठी अवतारात, तुम्ही एका रुमालावर बसून आलात आणि संसार जाळून गेलात. पुढे ‘संशयकल्लोळ’मध्ये, ज्याचं मूळ मोलिएरच्या १६६० च्या नाटकापर्यंत जातं, तुम्ही एका तसबिरीच्या आधाराने फाल्गुनराव आणि कृत्तिका या दोघांनाही एकाच वेळी नाचवलंत. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणलं. एकात रडू, दुसऱ्यात हसू, पण दोन्हीकडे तुमचा निकाल त्याच रात्री लागला. प्रेक्षक घरी गेला तो पूर्ण गोष्ट घेऊन. देवल आज असते तर ती तसबीर फाल्गुनरावांच्या हाती लागायलाच दिवाळी उजाडली असती, आणि दिवाळीत सगळं घर कंदील लावत असल्यामुळे विषय होळीपर्यंत राहिला असता.

दोष तुमचा एकट्याचा नाही, तुम्हाला कामाला लावणाऱ्यांचाही आहे. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशे. जाहिराती वगळून एका भागात वीस-बावीस मिनिटं उरतात. देवलांनी जन्मभरात सात नाटकं लिहिली. मालिकेच्या लेखकाला जवळजवळ तेवढा मजकूर दोन महिन्यांत पुरवायचा असतो, आणि मग पुन्हा दोन महिन्यांत, आणि पुन्हा. एवढी माणसं, एवढ्या घटना, एवढा स्वभाव आणायचा कुठून? मग तुम्हाला बोलावतात. तुम्हाला ना सेट लागतो, ना बाहेरचं चित्रीकरण. एक अर्धं दार पुरतं. त्यातून देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांतल्या मीटरवरून दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते चढले की तुमचा मुक्काम वाढतो, उतरले की तुमच्या मदतीला स्मृतिभ्रंश नाहीतर जुळी बहीण धाडली जाते. तुम्ही गेलात तर मालिका संपेल, ही भीती खरीच आहे. तुमच्याखेरीज तिच्यात दुसरं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. नायिकेला नोकरी आहे म्हणतात, पण ऑफिसात तिला काम करताना कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे पाणी किती वाजता येतं यावर घराचं घड्याळ चालतं. तुमच्या बंगल्यांत पाणी भरताना आजवर एकही सून दिसलेली नाही.

विनोदी कार्यक्रमांत मात्र तुम्ही अजून माणसांत आहात. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघा. पाव तासाच्या प्रहसनात तुम्ही जन्माला येता, अंगाने भरता आणि मरता. समीर चौघुल्यांचं पात्र आधी छाती काढून चुकीची गोष्ट ठासून सांगतं, मग डोळ्यांत हळूच शंका शिरते, मग मान आत जाते. आपण चुकलो हे माणसाला उमगण्याचा तो क्षण, त्यासाठीच तर तुमचा सगळा खटाटोप सहन करायचा असतो. दैनंदिन मालिकेत तो क्षण येतच नाही, आला तरी एवढा शिळा होऊन येतो की चेहऱ्यावर काही उमटत नाही. (हास्यजत्रेचीही एक तक्रार आहे. नट हशा पिकवत असताना कॅमेरा दर दोन वाक्यांनी परीक्षकांच्या हसण्याकडे धावतो. आम्हाला कुठे हसायचं ते कळतं हो.) ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं चाललं. सुरुवातीची वर्षं मी चुकवली नाहीत. भाऊ कदम नुसते उभे राहिले तरी पुरे व्हायचं. पुढे पुढे नव्या सिनेमाची जाहिरात आणि साडी नेसलेला पुरुष एवढंच उरलं. साडीला माझा विरोध नाही. विजय चव्हाणांनी गाजवलेली ‘मोरूची मावशी’ साडीवरच उभी आहे, पण तिथे साडी नेसण्याला कारण होतं आणि ती पकडली जाण्याची धास्ती प्रत्येक मिनिटाला होती. कारण आणि धास्ती दोन्ही काढून घेतल्यावर उरतं ते फक्त कापड. ज्या अत्र्यांचं ते नाटक, त्यांच्याच नावाच्या कल्याणच्या रंगमंदिरात आम्ही अंबरनाथ-बदलापूरची माणसं वर्षानुवर्षं नाटकं पाहायला जात आलो. तिथे प्रयोग वेळेत संपतो. शेवटच्या कर्जत लोकलची काळजी नाटककाराला नसली तरी प्रेक्षकाला असते.

आता आमच्या भागाविषयी. तुम्ही आम्हाला परके नाही. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, पहाट झाली म्हणून काम अर्धवट राहिलं, असं आमच्या आज्या सांगायच्या. देवळातल्या शिलालेखावर शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं स्वच्छ कोरलेलं आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. एका दगडाने तुमचा निकाल लावला. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर आता तिथले दुकानदारच गिऱ्हाइकाला ऐकवतात. २०१५ साली हिंदी सिनेमाने बदलापूरला सूडाचं गाव करून टाकलं, तेही आम्ही पचवलं.

पण मुक्काम ठोकणं तुम्हाला इथे जमणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या, आणि त्याच छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये नावापुरता आडोसा. अशा घरात अर्धं वाक्य ऐकायची सोयच नसते. वाक्य पूर्ण ऐकू येतं, त्यावरचं उत्तर ऐकू येतं, आणि पलीकडच्या आंटी भिंतीपलीकडून ‘तो असं नाही म्हणाला, बेटा’ अशी दुरुस्तीही करून देतात. अंबरनाथला कारखान्यांच्या चाळींत हेच, बदलापूरला वन आरके घेऊन राहणाऱ्या नव्या जोडप्यांचंही हेच. रुसून निघून जायला दुसरी खोली लागते. ती नसली की रुसलेला माणूस दहा मिनिटांत समोरच येतो, कारण गॅस तिथेच आहे.

आणि सकाळची लोकल तर तुमचा कर्दनकाळ. तुमच्यावर पोसलेली एखादी सून बदलापूरला लेडीज डब्यात तोंड पाडून चढते. अंबरनाथ येईपर्यंत चौघींनी तिच्याकडून सगळं काढून घेतलेलं असतं. उल्हासनगरला प्रश्न येतो, ‘अगं, पण तू त्याला विचारलंस का?’ विठ्ठलवाडीला तिच्या हातात फोन दिलेला असतो. कल्याणला जागा अदलाबदल होते तोवर विषय नवऱ्याच्या डब्यावर आलेला असतो. तुमच्या लेखकांनी यातली एक गाडी जरी पकडली तर मालिकेचे दोनशे भाग वाचतील, अर्थात त्यांच्या पोटावर पाय येईल हेही मला कळतं.

तेव्हा मागणी मोठी नाही. निवृत्ती घ्या असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस रजा घ्या. त्या दिवशी नायिकेला दार पूर्ण उघडू दे, दूध गरम असताना आत जाऊ दे आणि ‘काय म्हणालास?’ एवढं विचारू दे. पुढचे भाग कशाने भरायचे हा प्रश्न लेखकांना पडेल. पडू दे. एकदा माणसांना कामधंदा, भाडं, आजारपण, शाळेची फी दिलीत की भांडायला तुमच्यावाचून पुष्कळ खरी कारणं सापडतात. ‘आभाळमाया’ आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या जुन्या मालिकांतल्या घरांत ती सापडत होती.

कळावे.

आपला,
एक प्रेक्षक, बदलापूर पूर्व

ता. क. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, याची मला कल्पना आहे. वाटेत एखाद्या काकूसाहेब ते कपाटातल्या साड्यांखाली लपवतील आणि चौदाव्या महिन्यात, गणपतीच्या आरतीच्या वेळी, ते खाली पडेल. म्हणून एक प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. निळ्या खुणा अजून उमटलेल्या नाहीत.