अक्षता कुणाकडे?

पुतण्या हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बहिणीच्या लग्नासाठी रजा काढून तो सोलापुरात आला आणि मग सगळ्यांनाच कळलं. आल्या संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे तारखांवर आडव्या पसरलेल्या रंगीत पट्ट्या. ओळी 143. मुंडावळ्या एकसष्टाव्या ओळीत होत्या.

"लग्न आहे का उजनी धरण?" मी विचारलं.

"काका, ह्याला गँट चार्ट म्हणतात."

हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी कारखान्यांसाठी हे पट्ट्यांचं प्रकरण रुजवलं. पुढे 1957 च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत 'क्रिटिकल पाथ' निघाला, आणि लगोलग अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तसंच काहीसं बसवलं. सगळ्या कामांत एक साखळी अशी असते की तिच्यातलं एक काम एका दिवसाने लांबलं तर अख्खा प्रकल्प एका दिवसाने लांबतो. ती शोधायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा. आमची साखळी त्याने मुहूर्त, कार्यालय, पत्रिका अशी लावली होती. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "आचारी धर आधी. कार्यालय काय, मिळतंय कुठंबी."

वहिनींचं स्वतःचं नियोजन एका जुन्या वहीत आहे. तूरडाळ, गूळ, पत्रावळी असं सगळं मोडी वाटावं अशा अक्षरात लिहिलेलं, आणि मागच्या लग्नाच्या पानावर तळाशी पेन्सिलीने : 'शेंगाचटणी कमी पडली. व्याही दोनदा मागत होते.' पुतण्याने ते वाचलं आणि हरखलाच. त्यांच्या कंपनीत प्रकल्प संपल्यावर असंच काही लिहून ठेवायचा नियम आहे म्हणे, फक्त पुढे ते कुणी उघडत नाही. वहिनी दर लग्नाला उघडतात.

एका ओळीवरून मात्र मी त्याला टोकलं. 'पाणी : उपलब्ध', आणि पट्टी हिरवीगार. पोरगं दहा वर्षं पुण्यात राहिल्याची ती खूण. सोलापुरात मे महिन्यात पाण्याची पट्टी हिरवी रंगवत नाहीत. नळाचा दिवस आधी शेजारच्या काकूंना विचारायचा, मग टँकरवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे, आणि तरी पिंपं भरून ठेवायची.

बाकी खरं सांगायचं तर तक्ता चालला. गाड्या वेळेवर आल्या, मांडव वेळेत उभा राहिला. गडबड झाली ती ऐन मुहूर्तावर. अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा साफ केला, आणि माझ्या लक्षात आलं की चारशे माणसं हात मोकळे सोडून उभी आहेत. मी पुतण्याकडे पाहिलं, त्याने मोबाइलकडे. ओळ 88 : 'अक्षता. जबाबदारी : सर्वजण.'

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमची आत्या उठली. वय अठ्ठ्याहत्तर. पिशवीतून तिने स्टीलचा मोठा डबा काढला, झाकण घट्ट बसलं होतं ते पदराने धरून फिरवलं. आत कुंकवाने लालबुंद केलेली ज्वारी. "घ्या, वाटा रे पोरांनो," म्हणाली, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून : "असं काय बघताव? अक्षता आमच्याकडंच असतंय की. तुझ्या बापाच्या लग्नालाबी मीच आणले होते."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात तिचं नाव होतं, पण 'ज्येष्ठ नागरिक : बसण्याची व्यवस्था' या ओळीत.

रात्री मांडवात खुर्च्या एकावर एक चढत असताना पुतण्याला मी गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, आठवण करून दिली. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून त्याने ही यात्रा पाहिली आहे. संक्रांतीच्या आगेमागे पाच दिवस चालणारी, शतकानुशतकांची. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, असा हा सोहळा. म्हणजे हेही लग्नच. आधी यण्णीमज्जन, म्हणजे शहरभर विखुरलेल्या 68 लिंगांना तेलाचा अभिषेक. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी. सात नंदीध्वज. एकेक काठी दोन-तीन मजली घराएवढी उंच, आणि ती गर्दीतून पेलत न्यायची. पांढऱ्या बाराबंदीतला एकजण पेलतो, शेजारचा त्याच्या पावलांकडे नजर लावून चालतो, पहिला दमला की काठी सरळ दुसऱ्याकडे. यासाठी पोरं कितीतरी रात्री आधीपासून सराव करतात. होमाच्या दिवशी वर नागफणी चढते, वजन आणखी वाढतं.

हे सगळं कोणत्या तक्त्यावर चालतं? तिथे 'जबाबदार व्यक्ती' असा रकानाच नाही. तिथे मानकरी आहेत. कोणती काठी कुणाची, पुढे कोण, मागे कोण, हे सगळं मानाने ठरलेलं. माझं मत विचाराल तर गँटसाहेबावर इथेच मात होते. जबाबदारी माणूस विसरतो, टाळतो, दुसऱ्यावर ढकलतो. मान कुणी विसरत नाही. उलट तो हुकला तर तीन पिढ्या बोलून दाखवतात. ('तक्त्यात रुसव्यांसाठी चार दिवस मोकळे ठेव,' हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. ओटी दुसऱ्या क्रमांकाने भरली म्हणून एक मावशी अजून फोन उचलत नाहीत. मानाचा हा खर्च आहेच.)

"आणि रिस्क?" पुतण्याने विचारलं. सवयीचा माणूस.

त्याचीही सोय आहे. होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ वगैरे मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाने बिथरतं, मूत्र करतं का, यावरून येत्या सालचा पाऊस आणि महागाई सांगतात. सगळं शहर त्यावर सकाळी चर्चा करतं. पुतण्या म्हणाला, आमच्या कंपनीत यासाठी बाहेरून सल्लागार बोलावतात.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघण्याआधी त्याने तक्त्यात 'जबाबदारी' खोडून 'मान' लिहिलं आणि 88 व्या ओळीत आत्याचं नाव घातलं. आत्याचा डबा मात्र आमच्याकडेच राहिलाय. तो तिला परत पोचवायचा आहे, आणि त्याची ओळ अजून कुणी लिहिलेली नाही.