पाठीमागचा मजकूर

एकतीस वर्षे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि मृत्युपत्रे नोंदवून घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला समोर येणारा कोणताही कागद प्रथम उलटून पाहण्याची खोड लागते, आणि ती निवृत्तिवेतनाबरोबर घरी येते. दस्ताच्या पुढल्या बाजूस पक्षकार वाटेल ते लिहितात. शेरे, शिक्के, साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे मागल्या बाजूस असतात, आणि दस्ताचा जीव तेथेच असतो. मी आमची लग्नपत्रिकादेखील उलटून पाहिली होती, असे माझ्या सासुरवाडीची मंडळी अद्याप सांगत असतात. ते खरे आहे. ती मागे कोरी होती.

जामात नोकरीनिमित्त रोमला असल्यामुळे गेल्या जूनमध्ये आम्हा उभयतांचा मुक्काम तेथे सहा आठवडे पडला. आणि एके सायंकाळी, प्रासाद व भग्नावशेष पाहून पाय अगदीच भरून आले असता, व्हिया देल बाबुइनो या जुन्या वस्तूंच्या आणि चित्रांच्या दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर एका काचेआड ठेवलेल्या तैलचित्रापाशी आम्ही, केवळ समोर बसावयास दगडी कट्टा होता म्हणून, थांबलो. चित्रात एक विस्तीर्ण चौक होता. दोन्ही बाजूंस कमानींच्या ओळी, मध्ये चौथऱ्यावर पहुडलेल्या एका स्त्रीचा पाषाणमय पुतळा, क्षितिजावर भिंतीपलीकडून धूर सोडीत जाणारी आगगाडी, आणि दूर, मुंगीएवढे, हस्तांदोलन करीत असलेले दोन गृहस्थ. सावल्या मात्र माणसांच्या मानाने अवाढव्य लांब होत्या. सौभाग्यवतींनी बराच वेळ निरीक्षण करून अभिप्राय दिला की, एवढी मोठी जागा सारवून ठेवून कोणीच जेवायला आलेले नाही. मला त्या दोन गृहस्थांविषयी संशय आला. भरवस्तीच्या चौकात, एकही साक्षीदार नसताना, जे हस्तांदोलन होते ते बहुधा नोंदणी-फी चुकवून केलेल्या साठेखताचेच असते.

चित्रकाराचे नाव जॉर्जो दे किरिको, हे कन्येने सांगितले, आणि पुढले दोन दिवस तिने आणून दिलेली पुस्तके वाचण्यात (म्हणजे तिने वाचून मला सांगण्यात) गेले. हा गृहस्थ १८८८ साली ग्रीसमधील व्होलोस गावी इटालियन मातापितरांच्या पोटी जन्मला. वडील तेथील लोहमार्ग बांधणारे अभियंते, त्यामुळे मुलाच्या चित्रांतून ती आगगाडी जन्मभर धावत राहिली. १९१० ते १९१९ या नऊ-दहा वर्षांत त्याने निर्मनुष्य चौक आणि शिंप्याच्या दुकानातील पुतळ्यांसारख्या बिनचेहऱ्याच्या आकृती अशा काही रंगविल्या की, पॅरिसचे अतिवास्तववादी त्याला गुरुस्थानी मानू लागले. पुढे त्याला प्राचीन आचार्यांच्या रीतीने रंगविण्याची इच्छा झाली, तेव्हा तेच शिष्य त्याच्यावर तुटून पडले. तरुणपणी काढलेली चित्रे अमोल आणि नंतरची सर्व टाकाऊ, असा निवाडा एखाद्या चाळिशीही न गाठलेल्या कर्त्या माणसाला ऐकून घ्यावा लागावा, आणि त्यानंतर त्याने आणखी पन्नास वर्षे जगावे, ही अवस्था फार कठीण आहे.

त्याने त्यावर जो उपाय काढला, तो ऐकून मात्र माझ्यातील निबंधक-कचेरी खडबडून जागी झाली. लोकांना जुनीच चित्रे हवी आहेत ना, मग ती आपणच काढून द्यावी, असे ठरवून या गृहस्थाने आपल्याच जुन्या चित्रांच्या नव्या प्रती काढल्या आणि कित्येकांवर खुशाल जुनी साले घातली! फेरारा येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात रंगविलेल्या ‘अस्वस्थ करणाऱ्या कलादेवता’ या एकाच चित्राच्या त्याने १९४५ ते १९६२ या अवधीत अठरा आवृत्त्या काढल्याचे सांगतात. मागल्या तारखेच्या मुद्रांकावर लिहिलेले दस्त मी आयुष्यभर पक्षकारांच्या तोंडावर परत फेकले आहेत. परंतु त्यांत निदान एकाचे हस्ताक्षर दुसऱ्याने वठविलेले असे. येथे अक्षर मालकाचे, सही मालकाची, माल मालकाचा, आणि खोटी एवढी फक्त तारीख. हा गुन्हा कोणत्या कलमाखाली बसवावा, हे मला अद्याप सुचलेले नाही. शिवाय याच माणसाने आपली म्हणून विकली जाणारी अनेक चित्रे बनावट ठरविली, आणि त्यांत काही खरोखरीच त्याची होती. आपलाच अंगठा नाकारणारे वारस आमच्याकडेही येत.

इटलीतील चित्रव्यापाऱ्यांत एक विनोद प्रचलित होता की, दे किरिको आचार्यांचा पलंग जमिनीपासून सहा फूट उंच असला पाहिजे, कारण त्याखालून त्यांना वरचेवर आपल्या तरुणपणची विस्मृत चित्रे सापडत असतात. पियात्सा दि स्पान्यावरील ज्या घरात ते १९४८ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले, ते आता संग्रहालय झाले असून वेळ मागून घेतल्यास आत सोडतात, हे कळल्यावर मी जावयांना ती वेळ मागावयास लावली. दिवाणखाना प्रशस्त, भिंतीवर पोशाखी थाटाची आत्मचित्रे, चित्रशाळेत कुंचले जसेच्या तसे. मी ज्यासाठी आलो होतो ती शयनाची खोली मात्र एखाद्या ब्रह्मचाऱ्यास शोभेल इतकी लहान आणि साधी निघाली, आणि पलंग अगदी सामान्य उंचीचा. इतक्या दुरून येऊन खात्री करून न घेणे हा कर्तव्यच्युतीचा प्रकार झाला असता, म्हणून मार्गदर्शक बाई पाठमोऱ्या होताच मी गुडघे टेकून खाली डोकावलो. “काही पडले का?” असे त्यांनी विचारले. चष्मा, असे मी सांगितले. तो माझ्या नाकावरच होता. पलंगाखाली काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी कन्येला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन मी त्या दुकानात शिरलो आणि, गिऱ्हाईक म्हणून माझी पात्रता विक्रेत्याच्या ध्यानी येण्यापूर्वीच, चित्र उलटे करून दाखविण्याची विनंती केली. त्याने ते हातमोजे घालून फिरविले मात्र, मला प्रथमच चित्रकलेचे मर्म कळले! पाठीवर चित्रकाराच्या हातचे निवेदन होते की, ही कृती अस्सल असून आपण स्वतः रंगविली व सही केली आहे. त्याखाली सही, आणि सहीच्या शेजारी नोटरीचा वाटोळा शिक्का, इतका ठसठशीत की, आमच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या वकिलांनी तो पाहून धंदा सोडावा. समोर रंगात लिहिलेले साल १९१४. मागे शिक्क्यातील साल १९६३. मी दोन्हींवर बोट ठेवून विक्रेत्याकडे पाहिले. तो मुळीच वरमला नाही.

त्याने सांगितलेला कायदा मी येथे मुद्दाम नमूद करतो. सत्तर वर्षांहून जुनी आणि तेरा हजार पाचशे युरोंहून अधिक किमतीची कलाकृती इटलीबाहेर न्यावयाची झाल्यास सरकारी परवाना लागतो. आता हे चित्र १९१४ चे धरले, तर परवान्यासाठी अर्ज, तपासणी आणि प्रतीक्षा; १९६३ चे धरले, तर मालकाच्या स्वयंघोषणेवर बिनदिक्कत मार्गस्थ. खोट्या तारखेस परवाना हवा आणि खऱ्या तारखेस नको, असा प्रसंग माझ्या सबंध नोकरीत आला नव्हता, आणि त्या क्षणी ते चित्र घ्यावे असे मला मनापासून वाटले. “अहो, भिंतीकडे तोंड करून टांगायचे का?” असे सौभाग्यवतींनी विचारले, आणि मी होय म्हणालो.

किंमत त्याने चिठ्ठीवर लिहून घडी करून दिली. एक लक्ष ऐंशी हजार युरो. माझे निवृत्तिवेतन एक पैही खर्च न करता पस्तीसएक वर्षे साठविल्यास ती रक्कम उभी राहते, हा हिशेब मी तेथेच मनात केला आणि ‘विचार करून कळवितो’ हे कन्येकरवी कळविले. तेव्हा, ज्यांना चित्राची कागदपत्रे दाखविली जातात त्यांची नोंद ठेवावी लागते, असे सांगून तेथील मुलीने एक वही पुढे सरकविली आणि माझे पारपत्र मागितले. जन्मतारखेपाशी येताच तिचा चेहरा उजळला. एक जून! म्हणजे गेल्याच आठवड्यात आजोबांचा वाढदिवस झाला की, असे ती म्हणाली. विक्रेत्यानेही हात हाती घेऊन अभिनंदन केले.

सौभाग्यवती छताकडे पाहू लागल्या. आमच्या आईच्या सांगण्याप्रमाणे माझा जन्म पोळ्याच्या दुपारचा, बैल वेशीवर गेले असतानाचा. तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या अधिकारात घातली, आणि तिच्याच आधारावर मी नोकरीस लागलो, निवृत्त झालो व विमानात बसलो. ‘ग्रात्सिए’ म्हणून मी वहीत सही केली आणि खाली तारीख घातली. ती मात्र त्या दिवसाचीच.