विज्ञानकादंबरी गळ्यात कशी मारावी

विज्ञानकादंबरी सुचवण्याआधी समोरच्याला काय आवडतं हे विचारून घ्यायची एक अनिष्ट प्रथा अलीकडे रूढ होऊ लागली आहे. ती ताबडतोब बंद व्हावी. समोरच्याच्या आवडीचा आपल्या आवडत्या कादंबरीशी काय संबंध? असता, तर त्याने ती एव्हाना वाचली नसती का?

सावज बसलेलं असावं. त्यासाठी मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखी जागा नाही. पानात जिलबी वाढलेली असताना माणूस उठून जात नाही. शेजारची भाची आपण होऊनच म्हणते, "मामा, काहीतरी हलकंफुलकं वाचायला सुचव ना." उत्तराची घाई करू नये. डोळे किलकिले करावेत, पापडाचा तुकडा मोडावा आणि सावकाश म्हणावं, "ड्यून."

फ्रँक हर्बर्टची १९६५ सालची ही कादंबरी हलकी नाही, फुलकी तर नाहीच. मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणीही वाया जाऊ न देणारी वाळवंटातली माणसं, आख्खं यंत्र गिळणारे अजस्र किडे, राजघराण्यांची भांडणं, आणि शेवटी परिशिष्टं नि शब्दांची सूची. सुरुवातीला कोण कोणाचा कोण, काही कळत नाही. ही अडचण लपवू नये, तिचंच भांडवल करावं: "पहिली शंभर पानं रेट, मग बघ!" हे वाक्य छातीवर हात ठेवून म्हणायचं असतं. जोडीला किस्साही सांगावा, की वीसेक प्रकाशकांनी नाकारलेलं हे बाड अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन कंपनीने छापलं. कादंबरी वाचो न वाचो, किस्सा भाची चार ठिकाणी सांगते. हर्बर्टने स्वतः सहा भाग लिहिले. त्यांतल्या कितव्या भागाशी थांबायचं याचं प्रत्येक चाहत्याकडे ठाम उत्तर असतं. तुम्हीही एक आकडा ठरवून ठेवा. कारण कोणी विचारत नाही.

असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ची गोष्ट वेगळी. तिथे कादंबरीपेक्षा क्रम महत्त्वाचा. पहिली तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ या काळात आली, चौथं थेट १९८२ मध्ये, आणि १९८८ मध्ये आलेलं तर पहिल्याच्याही आधीची हकीकत सांगतं. त्यामुळे "सुरुवात कुठून करू?" या निरागस प्रश्नावर दोन चाहते अख्खी संध्याकाळ भांडू शकतात, आणि विचारणारा बिचारा मधल्यामध्ये सटकतो. पुस्तक हातात दिलंच, तर एवढं ध्यानात ठेवा: त्यातला हरी सेल्डन अख्ख्या आकाशगंगेचं हजार वर्षांचं भविष्य गणिताने मांडतो, पण एकट्यादुकट्या माणसाचं त्यालाही सांगता येत नाही. पुस्तक मागून नेणारा नेहमी एकटादुकटाच असतो.

कथानक किती सांगावं? "शेवट सांगत नाही हं" असं बजावून शेवटापर्यंत सगळं सांगावं. याला अपवाद क्लार्कच्या ‘राँदेव्हू विथ रामा’चा. पन्नास किलोमीटर लांबीचा एक पोकळ दंडगोल सूर्यमालेत शिरतो, माणसं आत जाऊन बघून येतात, तो निघून जातो. संपलं. एवढं सांगताना तुमचा आवाज कापला पाहिजे. समोरचा "मग?" म्हणाला, तर तो या धर्माचा नव्हे, त्याला सोडून द्यावं.

एका जातीच्या वाचकापासून मात्र कटाक्षाने दूर राहावं: सत्तरीच्या काकू. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न त्यांनी परकरी वयातच संपवलेला असतो आणि नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ कोरी करकरीत असताना वाचलेली असते. तुम्ही तोंड उघडायच्या आत त्या सांगू लागतात, की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तिचा लेखक होता कोणी एक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाच म्हणजे कळेल! हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर ठाऊक असल्यासारखी मान हलवावी. आणि ड्यूनचं नाव काढू नये. त्या म्हणतील, "आण, वाचते," आणि खरंच वाचतील.

तसा धोका भाचीकडूनही आहेच. तिने पुस्तक खरोखर वाचून काढलं, तिला आवडलं, आणि ती ड्यूनचा नायक पॉल याच्या शेवटच्या निर्णयावर भांडायला दारात उभी राहिली, तर? तुम्ही ते कॉलेजात असताना वाचलेलं. आता आठवतात किडे आणि मोटारदुरुस्ती. अशा वेळी खुर्चीत मागे रेलून एवढंच विचारावं, "तुला काय वाटतं?" ती अर्धा तास बोलेल. मुकाट ऐकावं आणि जमल्यास शेवट नीट समजून घ्यावा. पुढच्या शिफारशीला तो लागतो.