पुराची पोचपावती

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ, आंबिल ओढ्याच्या काठाला राहतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा त्यांच्या घरात शिरला, तेव्हा त्यांनी वेळ लिहून ठेवली नाही. ही त्यांची पहिली चूक. ओढा उजाडायच्या आत निघूनही गेला, ही ओढ्याची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात सरकारी निर्णयाने अट घातली होती: घर दोन दिवस पाण्यात असेल, तरच दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. कृष्णेला मुक्काम करायची सवय आहे. आमचा ओढा पडला पुणेकर. कुणाकडे जास्त वेळ बसत नाही.

सरकारचं जाऊ द्या, विमा आहे की. आयआरडीएआय म्हणजे आपली विमा नियामक संस्था. तिचा संकल्प आहे, 2047 पर्यंत सर्वांना विमा. मावशी आत्ताच साठीला आल्यात. तरी 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी आहे, तीत पूरही धरलाय आणि घरातल्या सामानाची यादीही मागत नाहीत. चांगली पॉलिसी आहे. (उपहासाच्या सदरात असं वाक्य लिहिताना हात अडखळतो.) ती विकायला वस्तीत कुणी फिरकलं नाही, म्हणून मीच ओळखीच्या एजंटाला मावशींसमोर बसवलं.

“घर कुणाच्या नावावर?”

“नावावर कसलं साहेब, फोटोपास होता.”

“होता म्हणजे?”

“ओढ्यानं नेला.”

एजंटाने पेनला टोपण लावलं.

जाता जाता तो म्हणाला, आता विम्याचा नवीन प्रकार निघालाय. नागालँडने 2024 मध्ये घेतलाही. त्यात पंचनामा नाही, फोटो नाही; पाऊस ठरलेल्या आकड्यावर गेला की पैसे. ऐकून बरं वाटलं. पण पाऊस मोजणार कुठे? शिवाजीनगरच्या वेधशाळेत? ओढा येतो कात्रजहून. तिकडे ढग फुटला आणि शिवाजीनगरात नुसतं शिंतडलं, तर कागदोपत्री मावशी कोरड्याच. शिवाय 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत जे पाणी शिरलं, ते वरून पडलेलं थोडं आणि खडकवासल्यातून सोडलेलं जास्त. धरणाचं पाणी पर्जन्यमापकात पडत नाही.

बालेवाडीत राष्ट्रीय विमा अकादमी आहे. देशभरातले विमा अधिकारी तिथे शिकायला येतात. दांडेकर पुलापर्यंत सहल काढली, तर फार लांब पडणार नाही.

मावशींनी तोवर आपली सोय केली आहे. रेशनकार्ड, पासबुक, नातीचा दाखला, सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलंय. पाण्याची जुनी रेघ अजून भिंतीवर आहे, खिळा तिच्यावर. दर जूनला त्या तो थोडा वर ठोकतात.

“यंदा स्टुलावर चढून ठोकला,” त्या म्हणाल्या. “आता एवढंच, की पिशवी काढायलाही स्टूल लागतं. आणि पाणी आलं की पहिलं स्टूलच वाहून जातं.”