वजाबाकीचं मॉरिशस

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या माणसाने मॉरिशसला खुशाल जावं, पण वजाबाकी शिकून जावं. मुळात तिथली जमीनच आपल्या भाऊबंदांतली. पाताळातल्या ज्या चुलीने सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतून दख्खनचं पठार रचलं, तिच्यावरून भारत उत्तरेला सरकून गेला आणि बऱ्याच उशिरा, साधारण 80 लाख वर्षांपूर्वी, तिनेच मॉरिशस शिजवलं. तेव्हा शेतात नांगराला लागणारा काळा दगड बघायला विमानाचं तिकीट काढू नये.

दगड वजा झाला, आता पाखरं. हॉटेलच्या हिरवळीवर पिवळ्या पायांनी मालकिणीसारखी फिरते ती साळुंकी. टोळ खायला म्हणून 1762 मध्ये फ्रेंचांनी तिला भारतातून नेलं. टोळांचा हिशेब संपला, तिचा मुक्काम काही हलला नाही. 1900 मध्ये उंदरांवर मुंगूस सोडलं, तर त्याला उंदरांइतकीच पाखरंही रुचली. आपला हिरवा राघू तिथल्या मूळच्या पोपटाच्या ढोलीवर हक्क सांगतो. आणि डोडो? पारव्याच्या कुळातलं, उडणं सोडून दिलेलं ते पाखरू, 1598 मध्ये डच उतरल्यावर शंभर वर्षंही टिकलं नाही. माणसांनी ते खाऊन संपवलं म्हणतात, पण जहाजातून उतरलेल्या उंदीर-डुकरांनी अंड्यांवर मारलेला ताव अधिक महागात पडला. परक्यांच्या भांडणात यजमानाचं काय होतं, हे साखरखेर्ड्याला ठाऊक असावं. 1724 मध्ये निजाम आणि मुबारिझखान याच शिवारात लढले; जिंकला निजाम, तुडवलं गेलं शिवार.

एवढं वजा केल्यावर उरतं काय, असं कोणी विचारेल. थोडंच, पण अस्सल. मॉरिशसचा छोटा ससाणा 1974 मध्ये रानात अवघा 4 उरला होता. अंडी उबवून, पिल्लं वाढवून माणसांनीच त्याला परत आणलं. गुलाबी पारवाही असाच मरता मरता वाचला. मग आपणही परके, आपण जाऊच नये, हा आक्षेप जास्त वजनदार. पण 1834 नंतरच्या काळात मुंबईहून बोटीत बसून उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. त्यांना मुंगसाच्या रांगेत बसवायची कोणाची छाती आहे? येण्यात गुन्हा नाही, दुसऱ्याची ढोली बळकावण्यात आहे, आणि आठवड्याभराच्या पाहुण्याला तेवढी सवडही नसते.

तेव्हा जा. समुद्रकिनाऱ्यातला एक दिवस कापून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात घालवा आणि गुलाबी पारव्यासाठी मान दुखेपर्यंत वर बघा. गावच्या ग्रुपवर साळुंकीचे फोटो मात्र टाकू नका. ती इथे फुकट दिसते.