वाघोलीचा मूळसंहितावादी

एकेकाळी दगडखाणींसाठी ओळखले जाणारे, पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ साली महापालिकेत आले. तोवर खराडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या सोसायट्या तेथे पुष्कळ उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतच ज्याला ‘मूळसंहितावादी’ म्हणणे सोयीचे ठरेल असा एक मानवप्रकार वाढीस लागला. हा गृहस्थ पाणी जारमधून, इडलीचे पीठ पिशवीतून आणि भाजी निवडलेली घेतो. तयार सॉफ्टवेअर मात्र त्यास वर्ज्य असते. सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेली व माणसाला वाचता येणारी संहिता, आणून ती कंपायलर नामक अनुवादकाकरवी यंत्राच्या भाषेत स्वतः उतरवून घेणे, हेच तो स्वातंत्र्य मानतो. लिनक्सच्या भांडारातून तीच वस्तू एका आज्ञेत मिळते, असे सुचविणाऱ्याशी तो काही दिवस बोलत नाही.

या स्वातंत्र्याचा आरंभ ‘कॉन्फिगर’ नामक तपासणीच्या आज्ञावलीने होतो. संगणकावर आवश्यक सामग्री आहे की नाही हे तपासून ती एखादी लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरावयाचा आयता कोड, नसल्याचे कळविते; ती आणावी तर तिला दुसरी लागते, दुसरीला तिसरीची विशिष्टच आवृत्ती हवी असते, आणि ती बसविताच आजवर नीट चालणारे काहीतरी बंद पडते. कधी लायब्ररी असूनही सापडत नाही, कारण कंपायलरला तिची ओळख करून देणाऱ्या हेडर फाइली निराळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात ठेवलेल्या असतात. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली रचलेली, संहितेची बांधणी करवून घेणारी ‘मेक’ ही प्रणाली तर आज्ञेच्या ओळीआधी टॅबऐवजी मोकळ्या जागा सोडल्या की अडून बसते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत असल्याने, त्या शोधात गेलेली रात्र तो साधनेत धरतो.

मग कंपायलर सुरू होऊन संगणकाचा पंखा घोंघावू लागतो, इशाऱ्यांच्या ओळी सरसर धावतात, आणि त्या तो स्वतः वाचीत नसला तरी घरात त्या वेळी कोणी मिक्सर लावू नये, अशी त्याची अपेक्षा असते. अखेरीस सारे तुकडे सांधणाऱ्या लिंकरला मेमरी अपुरी पडते व काम पुन्हा मांडावे लागते. तोवर, ज्या चित्रपटासाठी हा सारा खटाटोप करून व्हिडिओ प्लेअर घडविला जात होता, तो मोबाइलवर पाहून कुटुंब झोपी गेलेले असते. पहाटे प्लेअर चालू होतो. चित्र स्वच्छ दिसते, आवाज मात्र येत नाही, कारण ध्वनीची लायब्ररी न सापडल्यामुळे तो भाग वगळल्याचे कॉन्फिगरने शेकडो ओळींत कोठेतरी नोंदविलेले असते. सकाळी तो घरच्यांना स्पीकर बिघडल्याचे सांगतो.